पाचाच्या खाली

सोमवार, ४ मार्च

घ्या. सत्तावीस वर्षं तळघरात कार्डं लावत बसले तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आज वर बोलावलं ते थेट सुळावर चढवायला. आरोग्य खात्याच्या सामायिक शब्दसूचीचं काम 'ग्रंथालयाच्या बाई' बघतील, असं समितीच्या अध्यक्षांनी भर बैठकीत जाहीर केलं. ग्रंथालयाच्या बाई म्हणजे मी. उठून नाही म्हणायला हवं होतं. मी उठले, 'आभारी आहे' म्हणाले आणि बसले.

घरी सांगितलं तर हे हसायला लागले. म्हणाले, आता भागूबाईचं राज्य आलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पाल बघून मी ह्यांच्या शिवणाच्या टेबलावर चढले होते, तेव्हापासून मी भित्री भागूबाई. त्यातलं 'भित्री' झिजून गेलं, 'भागूबाई' राहिली.

काम काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं. सहा खात्यांकडून दर आठवड्याला आजारपणाची टिपणं येतात: रुग्णालय, दवाखाने, प्रयोगशाळा, शाळा, कारखाने, पाणीपुरवठा. प्रत्येकाची बोली वेगळी. एक 'जुलाब' लिहितो, दुसरा 'अतिसार', तिसरा 'पोट बिघडणे'. एका शब्दाखाली शोधायला गेलं की बाकीचे हाताला लागत नाहीत. म्हणून एका अर्थाला एकच मान्य शब्द ठरवायचा, आणि बाकीच्या शब्दांपुढे 'पाहा' लिहून त्याच्याकडे बोट दाखवायचं. म्हणजे सारखं दुखणं एका जागी गोळा होईल आणि साथ आली तर वेळेवर दिसेल.

हे मशीनवर मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "माझ्या बटणांच्या डब्यासारखंच की. रंगानं लावायची का भोकांनी, तेवढं आधी ठरव." पस्तीस वर्षं शिंपीकाम करून माणूस सगळं जग बटणांत बघतो.

बुधवार, ६ मार्च

सूचीची पहिली बैठक. जुलाब की अतिसार यावर पाऊण तास. गोदामामागच्या दवाखान्यातली मोठी सिस्टर म्हणाली, तिच्याकडे आजवर एकही माणूस अतिसार घेऊन आलेला नाही. प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले, मग त्यांच्या काचेवर जुलाब दिसत नाहीत.

सहा खात्यांचे मिळून चार हजारांवर शब्द निघाले. छापायची मर्यादा बाराशे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भीतीनं माझं तोंड कधी कधी माझ्याआधी बोलतं, तसंच झालं. मी म्हटलं, ज्या शब्दाखाली पाचापेक्षा कमी नोंदी आहेत तो स्वतंत्र ठेवू नये, जवळच्या मोठ्या शब्दात मिळवून टाकावा. मग अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, हा झाला पाचाचा नियम, प्रस्तावनेत बाईंच्या उल्लेखासह घालू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या नावचा नियम केला. कान गरम झाले होते, खोटं का लिहू.

सिस्टरच्या कार्डांवर खाली एक ओळ असते, 'रुग्णाचे शब्द'. माणूस काय बोलला ते ती जसंच्या तसं लिहिते. नव्या सामायिक फॉर्ममध्ये ती ओळ नको, असं ठरलं. सिस्टर हरकत घेत होती. मीच म्हटलं की ते गोड आहे, पण सूचीच्या कामाचं नाही. तिनं वही मिटली.

गुरुवार, ७ मार्च

गोदामामागच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी नवं दुकान उघडलंय, मला आज दिसलं. निळ्या पिंपातून सुटं तेल काढून देतात. वास चांगला होता, भाव त्याहून चांगला. मोठा डबा भरून आणला. हे खूश, कारण जानेवारीत डॉक्टरांनी माझं तेल तोडलं तेव्हापासून घरात सगळंच उकडलेलं शिजतंय. आता ह्यांचं वेगळं, माझं वेगळं. मी माझं गवत खाते, ते त्यांचं तळण खातात.

सोमवार, ११ मार्च

दिवसभर शब्द मिळवणं चालू. आज दोनशे दहा. सिस्टरचा 'पायात जीव नसणे', चार नोंदी, गेला 'थकवा'मध्ये. कारखान्यांचा 'पायाची पकड जाणे', तीन, तोही गेला 'श्रमामुळे दुखणे'मध्ये. असं पटापट. हे काम मला जमतंय, त्याचीच भीती वाटते. सहज जमणाऱ्या कामात काहीतरी राहून जातं, हा माझा अनुभव.

चष्मा तासभर शोधला. डोक्यावरच होता. हे म्हणाले, काखेत कळसा.

बुधवार, १३ मार्च

ह्यांचं पोट बिघडलंय, दोन दिवस. मी विचारलं जुलाब की अतिसार. त्यांना विनोद कळला नाही. औषध दिलं, उतरलं.

सोमवार, १८ मार्च

लेक वसतिगृहातून चार दिवस येऊन काल परत गेली. तिच्यासाठी मनसोक्त तळलं, जाताना डबा भरून दिला. ती म्हणते, आई, तुझे डोळे सारखे कुणाचा तरी मार चुकवल्यासारखे दिसतात. ऑफिसमुळे, मी म्हटलं. पाच एप्रिलला सूचीचा प्रकाशन समारंभ, मोठी माणसं येणार, मला व्यासपीठावर बसायचंय.

जाताना लेकीनं ह्यांना विचारलं, बाबा, लंगडता का. हे म्हणाले, पोटऱ्या धरल्यात, बसून बसून होतं.

गुरुवार, २१ मार्च

ह्यांची चप्पल चालताना पायातून निसटते. जुनी झाली. मागे पट्टा असलेली नवी आणली.

सोमवार, २५ मार्च

घरात वैताग. मशीन जड चालतंय म्हणून ह्यांची सकाळपासून चिडचिड. पायडल दाबवत नाही म्हणतात. शनिवारी सांध्यासांध्यात वंगण घातलं, काल पुन्हा घातलं. आज दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाला काही दोष नाही, तरी पट्टा बदलून दिला. दुपारी विचारलं तर म्हणे तसंच जड आहे. पस्तीस वर्षांचं मशीन, त्याचंही वय झालं असेल. नवं घेऊ म्हटलं तर अंगावर आले. पुन्हा विषय काढला नाही.

इकडे मिळवणं संपलं. चार हजारांचे अकराशे ऐंशी. अध्यक्ष म्हणाले, शाबास.

गुरुवार, २८ मार्च



सकाळी सिस्टरचा फोन. दर गुरुवारी ती आठवड्याचा गोषवारा बघते. म्हणाली, बाई, माझी माणसं कुठे गेली? 'पायात जीव नाही' म्हणणारी चार आधी पाठवली होती, नंतर आणखी पाच पाठवली, गोषवाऱ्यात एकही नाही. मी सांगितलं, 'थकवा'खाली बघा. ती म्हणाली, तिथे सहाशे आहेत. मग म्हणाली, "ही माणसं थकलेली नाहीत हो. त्यांचे पाय उचलत नाहीत."

फोन ठेवला आणि तळघरातली जुनी खोकी काढली, मिळवण्याच्या आधीची. सिस्टरची चार, 'थकवा'मध्ये. कारखान्यांची तीन, 'श्रमामुळे दुखणे'मध्ये. शाळांचा 'धावताना पुन्हा पुन्हा पडणे', चार मुलं, ती मी 'खेळातील अपघात'मध्ये टाकली होती. रुग्णालयाचा 'पोटऱ्या धरून पाऊल लोंबणे', चार, 'सांधेदुखी'मध्ये. चार दिशांना चार पुड्या. कुठलीच पाचाला पोचत नव्हती म्हणून मी त्या एकेक करून चार वेगवेगळ्या ढिगांत पुरल्या. एकत्र केल्या तर तेव्हाच पंधरा होत्या. आणि सगळे पत्ते गोदामाच्या आसपासचे.

सारखं दुखणं एका जागी आणायला सूची केली, आणि तिच्याच नियमानं मी ते पांगवलं. हे दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. हे करायला ग्रंथालयाच्या बाईच लागतात.

अध्यक्षांकडे जायला जिना चढले. दार उघडं होतं. आतमध्ये ते प्रस्तावनेचा छापील ताव कुणाला तरी वाचून दाखवत होते, पाचाचा नियम, पाचाचा नियम. मी परत खाली आले.

शनिवार, ३० मार्च

सांगितलं नाही.

कारणं लिहून काढते, म्हणजे माझी मलाच दिसतील. एक, आधी नीट मोजायला हवं. दोन, योगायोगही असेल. तीन, छपाई झालीय. चार, पाच तारखेनंतर शांतपणे दुरुस्ती सुचवता येईल, तेवढ्यानं काय बिघडतं. पाच, मला भीती वाटते. पाचही खरी आहेत, पण पहिली चार पाचवीच्या पोटातली आहेत.

काल 'थकवा'मधल्या सहाशे नोंदी एकेक करून वाचायला घेतल्या. सिस्टरचा पुन्हा फोन आला, उचलला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण इथे राक्षस मीच पाठीशी बांधून घेतलाय.

हे आज मशीनवर बसले नाहीत. गिऱ्हाइकाचं काम राहिलं तरी चालेल म्हणाले. असं कधी म्हणत नाहीत.

सोमवार, १ एप्रिल

सव्वीस माणसं झाली. उद्या सांगते. समारंभात घालायला ह्यांनी माझ्यासाठी जाकीट बेतून ठेवलंय, शिवणार कधी कोण जाणे. म्हणतात मशीन ऐकत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

नाही सांगितलं.

बुधवार, ३ एप्रिल

क्रमानं लिहिते.

सकाळी शेवटचं खोकं. एकतिसावं कार्ड सिस्टरच्या हातचं, जुन्या फॉर्मवरचं. धार लावणारा, वय बावन्न. पायानं चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. निदान: अशक्तपणा. खाली ती ओळ, जी मी रद्द करवली. रुग्णाचे शब्द: "चाक जड झालंय. तीनदा वंगण घातलं, पट्टा बदलला, तरी जडच."

मी ते दोनदा वाचलं. मग कार्ड खाली ठेवलं आणि तशीच उठले. पर्स घेतली का ते आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा हे आतल्या खोलीत आडवे होते. हाक मारली नाही. मी बाहेर मशीनसमोर बसले. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर कधी बसले नव्हते, मला टाकासुद्धा नीट घालता येत नाही. चप्पल काढली, पाय पायडलवर ठेवला आणि दाबला.

चाक भिरभिरत गेलं. काही जोरच लागला नाही. एका पायानं दाबलं, नुसत्या बोटांनी दाबलं, तरी ते फिरतच होतं. वंगण पिऊन पिऊन मशीन इतकं हलकं झालं होतं की मी पाय काढला तरी ते फिरत राहिलं.

आवाजानं हे दारात आले, भिंतीला धरून. मी म्हटलं, चालून दाखवा. म्हणाले, काय वेडेपणा हा. मी म्हटलं, माझ्यासाठी चाला. चार पावलं चालले. पाय गुडघ्यातून वर घेत होते, पायरी चढावी तसे, आणि पाऊल पुढून लोंबत होतं. चौथ्या पावलाला पट्ट्यासकट चप्पल निघाली. दोन आठवडे हा माणूस माझ्यासमोर असाच चालत होता.

तिथूनच दोघं दवाखान्यात गेलो. सिस्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला टोचून बघितलं. ह्यांना कळलंच नाही कुठे टोचलं ते. हे हसायचा प्रयत्न करत होते. मग मी तिला बाहेर घेतलं आणि सगळं सांगितलं, खोकी, पाचाचा नियम, एकतीस माणसं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कार्डं मागितली. म्हणाली, आत्ता निघते, घरोघर जाते, सगळ्यांत सारखं काय आहे ते सापडेल. ह्यांना उद्या सकाळी रुग्णालयात न्यायचंय.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना आवडतं ते केलं. अंगात ताकद यायला हवी, म्हणून जरा सढळ हातानं तळलं. चवीनं जेवले.

गुरुवार, ४ एप्रिल

आठला अध्यक्षांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं. नियम माझा, तो चुकला, त्यात माणसं हरवली. मला वाटलं, आता छपाईचा, समारंभाचा विषय काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "सहा दिवस."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, नियम तुम्ही सुचवलात, थाप मी मारली होती. पण हे सहा दिवस मी वाटून घेऊ शकत नाही. मग समारंभ रद्द करायला फोन उचलला.

तिथून रुग्णालयात. ह्यांना खाटेवर घेतलं. शेजारच्या खाटेवर एक माणूस, पाय उशीवर ठेवलेले, बोटांवर जुन्या काळ्या चिरा. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. धार लावतो, म्हणाला.

दुपारी बाराला सिस्टरचा फोन रुग्णालयाच्या कार्यालयात आला. एकतीसपैकी अठ्ठावीस घरं तिनं एका दिवसात पालथी घातली होती. मला म्हणाली, बाई, एकच विचारते. घरात सुटं तेल आहे का, निळ्या पिंपातलं?

पुढचं ती काय बोलली ते तुटक ऐकू आलं. पिंप आधी यंत्राच्या तेलाचं होतं, की तेलातच ते मिसळलं होतं, ते तपासणारे सांगतील, पण सगळ्यांच्या स्वयंपाकघरात तेच. अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस.

काल रात्री मी माझ्या हातानं, सढळ.

मग लेक आठवली. चार दिवस घरी जेवली होती, डबा भरून दिला होता. तिथूनच वसतिगृहात फोन लावला. तिला बोलावून आणेपर्यंतची ती पाच मिनिटं मी लिहू शकत नाही. ती आली. चालतेस कशी, मी विचारलं. पाय नीट उचलतात का, बोटं हलतात का, डबा कुणी कुणी खाल्ला. ती घाबरली. मग चाचरत म्हणाली, आई, रागावू नकोस, डबा अजून उघडलाच नाही, वजन वाढलंय म्हणून खायचं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी भर कार्यालयात रडले. तिला म्हटलं, उघडू नकोस, कुणाला देऊ नकोस, तसाच घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि स्वतःला तपासून घे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं कुणी न खाल्ल्याबद्दल मी हात जोडले.

बुधवार, १० एप्रिल

दुकानाला टाळं, पिंपं जप्त. मोजणी सत्तेचाळीसवर थांबली. लेक ठीक आहे, तिचे पाय रोज फोनवर विचारते. तळण चाखण्यापुरतंच खाल्लं, तरी माझ्याही टाचांना मुंग्या येत होत्या, त्या आता जातायत. उकडलेल्या गवतानं वाचवलं.

डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्यात. काहींच्या परत येतात, काहींच्या येत नाहीत. कशावर अवलंबून, मी विचारलं. किती दिवस खाल्लं त्यावर, ते म्हणाले. साधं उत्तर होतं, त्यांना काय माहीत समोर कोण उभं आहे.

सिस्टरला एक दिवस पुरला. अठ्ठावीसला सांगितलं असतं तर एकोणतीसला कळलं असतं. एकोणतीस, तीस, एकतीस, एक, दोन, तीन. प्रत्येक दिवसाची दोन जेवणं. आणि ही बारा जेवणं फक्त माझ्या घरची नाहीत.

सोमवार, २२ एप्रिल

ह्यांना घरी आणलं. पोटरीला आधाराच्या पट्ट्या, हातात काठी. मशीनवर चादर टाकलीय.

आज त्यांना सांगितलं. ते कपाटाच्या काठाला धरून उभं राहायचा सराव करत होते, मी पाठीमागे स्टूल घेऊन. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून पाठीला सांगितलं. सहा दिवस मला माहीत होतं की काहीतरी आहे, आणि मी बोलले नाही.

त्यांनी वळून पाहिलं नाही. मग म्हणाले, "माझी बोटं पंधरा दिवस झिणझिणत होती. मी तुला सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून. मशीनला पाजत बसलो."

मग खाली बसले, दमले होते. त्यांनी मला माफ केलं, असं त्यात कुठे नव्हतं. पाणी मागितलं, ते दिलं.

धार लावणाऱ्याच्या बायकोला हे सांगायचं राहिलंय. सत्तेचाळीसपैकी एकाला सांगितलं.

सोमवार, २० मे

नव्या सूचीचे ताव आले. मला काढून टाकतील अशी खात्री होती, राजीनामाही पर्समध्ये होता. अध्यक्षांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, जिनं हरवलं तिनंच शोधायचं, घरी बसायची चैन मिळणार नाही. पाचाचा नियम गेला. शब्दाखाली एक नोंद असली तरी तो राहतो. 'रुग्णाचे शब्द' ही ओळ फॉर्मवर परत आली, आता सहाही खात्यांच्या. सिस्टर सूचीच्या समितीवर माझ्या शेजारी बसते. अजून जपूनच बोलते माझ्याशी. तेच बरोबर आहे.

गेला आठवडाभर मी तिच्याबरोबर घरोघर जातेय. लोक काय म्हणाले होते ते विचारून लिहून घेते, आणि जाताना सहा दिवसांचं सांगते. धार लावणाऱ्याच्या घरी गेले तेव्हा तो म्हणाला, कार्ड वाचलंत ते तुम्हीच ना. त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं.

संध्याकाळी ताव ह्यांना दाखवले. चष्मा लावून 'प'च्या पानावर बोट फिरवत बसले. सापडलं. 'पायडल जड होणे: पाहा, पायातली ताकद जाणे.' पुढे नोंदींचा आकडा, एक.

"एकच?" म्हणाले. "लोक हसतील गं."

"हसू देत."

मग चादर बाजूला करून मशीनपाशी बसले. पायडलवर पाय ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अजून प्रत्येक आवाजाला दचकते. डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा, त्याआधी काही ठरवू नका.

मी ठरवत नाही, मोजते. खोलीतून मोरीपर्यंत सतरा पावलं. गेल्या सोमवारी चप्पल चारदा निसटली. शुक्रवारी तीनदा. आज दोनदा. पाचाच्या खाली आहे, तरी लिहून ठेवते.